नागपुरात सरकारी ऊर्जा बचत प्रकल्पात कनिष्ठ विश्लेषकाची नोकरी कशी असते? बी.ई. इलेक्ट्रिकल झालंय, ऑफर आली आहे, घेऊ का?

घ्या. पण दीड-दोन वर्षांसाठी घ्या, जन्माची म्हणून नको.

खरं तर इथंच थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही विचारलंय, "टेबलावरचं काम आहे की फिरावं लागतं?" आणि माझी जुनी खपली निघाली. याच एका गोष्टीवरून २०१८ साली माझं साहेबांशी वाजलं होतं.

मी एका एजन्सीमार्फत होतो, ११ महिन्यांच्या करारावर. नाव कुणाचंच घेत नाही. २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी बल्ब घराघरांत गेले, आणि त्या लाटेत सरकारी इमारतींतल्या ट्यूबलाइटही बदलायला निघाल्या. आमचं काम काय, तर बदलण्याआधी किती युनिट, नंतर किती युनिट, फरक काढा आणि वर पाठवा. हुद्दा विश्लेषक, काम बिलं एक्सेलमध्ये चढवायचं. बारा आकडी ग्राहक क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग, मंजूर भार. कार्यालयातून बिलांची फाईल मागवली की निम्मी बिलं उंदरांनी कुरतडलेली, उरलेल्यांपैकी चार महिने सरासरी रीडिंगचे, कारण मीटर बंद. त्या सरासरीवर आम्ही दोन दशांशांपर्यंत बचत काढायचो.

तर एका तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालय. कागदावर १२० ट्यूब. जुनी ट्यूब चोकसकट ५२ वॅट धरायचो, नवीन एलईडी २० वॅट. एका ट्यूबमागे ३२ वॅट वाचले. दिवसाचे ८ तास, महिन्याचे २५ दिवस. करा हिशोब: महिन्याला ७६८ युनिट बचत. साहेबांनी पाहिलं, मान डोलावली, अहवाल तयार. फक्त एक अडचण होती. फेब्रुवारीत ट्यूब बदलल्या आणि एप्रिलचं बिल जानेवारीपेक्षा २८० युनिटनं जास्त आलं होतं.

साहेब म्हणाले, बिलाकडे नको बघू, फॉर्म्युला बघ. मला काही झोप येईना. गणेशपेठेतून सकाळची एसटी पकडली आणि स्वतःच्या खर्चानं गेलो. रजा टाकून, हे विशेष.

निम्मं कोडं पाच मिनिटांत सुटलं. खिडक्यांना १४ कुलर लटकलेले, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ठिबकतंय. पंखा आणि पंप मिळून एकाचे २०० वॅट धरा, महिन्याला ५६० युनिट तिथंच गेले. आमच्या एक्सेलमध्ये एसीच्या टनांचा रकाना होता, कुलरचा नव्हता. ज्यानं तो फॉरमॅट बनवला त्याला मे अखेरच्या नवतपात एकदा नागपूरला आणून बसवायला पाहिजे होतं.

पण त्यानंही हिशोब जुळेना. ७६८ वाचले आणि ५६० वाढले, तर बिल कमी यायला हवं. मग मी दालनादालनातून ट्यूब मोजत फिरू लागलो. तिथला वायरमन मागं मागं येत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काहून मोजून रायले भाऊ? नवीन तं साऱ्याच लागल्या. पहिलेच्या किती बंद होत्या ते इचारा ना."

त्याच्याकडे एक दुरुस्ती वही होती, शाळेची असते तशी, दोनशे पानी. त्यात दालनानुसार लिहिलेलं: चोक गेला, स्टार्टर नाही, मागणी केली, आलं नाही. आम्ही पेन घेऊन बसलो. १२० पैकी ४७ ट्यूब बदलण्याआधीच बंद होत्या. काही दोन-दोन वर्षांपासून. रेकॉर्डरूममध्ये तर एकही पेटत नव्हती, तिथला शिपाई मोबाईलच्या उजेडात फाईल शोधायचा.

आता हिशोब बघा. पेटत होत्या ७३, त्यांच्यावर वाचले ४६७ युनिट. जिथं अंधार होता तिथं ४७ नवीन ट्यूब लागल्या, त्यांनी खाल्ले १८८. खरी बचत २७९, आणि आम्ही लिहिले होते ७६८. कुलरचे ५६० वजा २७९ केलं की २८१ उरतात. बिल २८० नं का वाढलं ते समजलं. एवढं चपखल बसलं की मलाच शंका आली, म्हणून एसटीत बसल्यावर पुन्हा मांडलं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी फोटो पाहिले नाहीत. म्हणाले, "तू विश्लेषक आहेस, वायरमन नाहीस. डेटा आपल्याकडे येतो, आपण डेटाकडे जात नाही." अहवाल ७६८ चाच गेला. पुढं माझा करार वाढला नाही. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, देव जाणे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: काम टेबलावरचं आहे, आणि तीच त्यातली खोट आहे. कुणी सांगणार नाही, तरी फिरा. महिन्यातून दोन ठिकाणं, जमेल तशी. गेल्यावर आधी वायरमनला भेटा, नंतर कार्यालय प्रमुखाला. किती लागल्यात ते मोजू नका, किती पेटतात ते मोजा. बचत दाखवायची तर बदलण्याआधी आठवडाभर सर्किटवर मीटर लावून ठेवायला पाहिजे, नंतर अक्कल वापरून काही होत नाही. आणि थंडीतलं बिल उन्हाळ्यातल्या बिलाला लावू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याला लावा. हे मी तेव्हा साहेबांना सांगितलं होतं, आज तुम्हाला सांगतोय. कुणीतरी ऐका.

आता साहेबांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. बचत मोजण्याच्या पद्धतीत अशी सोय आहे की आधी उजेडच अपुरा होता, तर सगळे दिवे चालू असते असं धरून जुना वापर वाढवून घेता येतो. पुढं ऊर्जा ऑडिटरच्या परीक्षेचा अभ्यास करताना मला हे नीट कळलं, आणि थोडं ओशाळायलाही झालं. शिपायाला उजेड मिळाला ही काही लहान गोष्ट नाही. पण तसं धरलंय हे अहवालात वेगळं लिहावं लागतं. ती एक ओळ लिहायला ना साहेब तयार होते, ना त्यांनी मला लिहू दिली. शिवाय सगळीकडे असंच चालतं असंही नाही. महापालिकांच्या पंपिंग स्टेशनवर मीटर लावून नेटकं केलेलं काम मी नंतर पाहिलंय. पंपात पैसा मोठा असतो, म्हणून तिथं मोजतातही.

पगाराचं म्हणाल, तर माझ्या वेळचा आकडा सांगून उपयोग नाही, एजन्सी बदलली की तो बदलतो. उशिरा येतो एवढं धरून चाला.

पुढं काय, तर बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा द्या. ऊर्जा मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटर व्हायचं तर चौथा. अनुभवाची अट आहे, त्यातला बराचसा भाग या नोकरीत भरून निघतो, म्हणून तर घ्या म्हणालो. त्यानंतर नागपूरजवळचे हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने आहेतच. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणाऱ्या विजेसकट मोजलेल्या वापरावर आलं, तेव्हापासून पॉवर फॅक्टरची (घेतलेल्या विजेतली किती कामी लागते त्याची) कळ थेट मालकाच्या खिशाला बसते, आणि तो माणूस तुमचं ऐकून घेतो. माझं घर आता त्यावरच चालतं.

रुजू होण्याआधी दोनच गोष्टी विचारून घ्या: दौऱ्याचा भत्ता मिळतो का, आणि क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, कुणाकडे असतो. आमच्याकडे पाच जणांत एक होता, आणि तो साहेबांच्या कपाटात, कुलूप लावून.