वाचकांचे प्रश्न : कंपनी कुणाच्या बाजूची?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आयडाहोला नोकरी करतो. हिवाळ्यात बर्फावर चालणारी स्नोमोबाइल चालवतो. त्याला पॅटागोनियाचं जॅकेट घेऊन द्यायचं होतं, तर म्हणाला, "मामा, ती कंपनी नको, ती आमचं रान बंद करते." कपडे विकणाऱ्यांचा रानाशी काय संबंध?
– एक वाचक, कोरची

उत्तर : संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. आयडाहोतली निम्म्याहून जास्त जमीन केंद्र सरकारची. 1964च्या कायद्यानुसार त्यातला एखादा भाग 'विल्डरनेस' ठरला की तिथे मोटारगाडी बंद, सायकलही बंद. पायी, घोड्यावर किंवा स्कीवर (बर्फावर घसरायच्या पट्ट्यांवर) मात्र जाता येतं. म्हणजे स्कीवाल्याचं रान शांत होतं आणि तुमच्या भाच्याचं जातं. पॅटागोनिया 1985पासून विक्रीचा 1 टक्का पर्यावरणाच्या कामाला देते. तिने आरईआय, द नॉर्थ फेस आणि केल्टी या भटकंतीचं सामान विकणाऱ्या कंपन्यांसोबत 1989मध्ये 'कन्झर्वेशन अलायन्स' ही संस्था उभी केली. जमिनीच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या संघटनांना तिथून मदत जाते. भाच्याचा राग या मदतीवर आहे.

पण प्रत्येक संरक्षण म्हणजे बंदी असं धरू नये. 2017मध्ये युटातल्या 'बेअर्स इअर्स' या राष्ट्रीय स्मारकाचं (म्हणजे सरकारने राखलेल्या भूभागाचं) क्षेत्र सुमारे 85 टक्क्यांनी घटवलं, तेव्हा पॅटागोनिया कोर्टात गेली. 2021मध्ये ते क्षेत्र परत मिळालं. अशा स्मारकात आखून दिलेल्या रस्त्यांवर गाडी चालू शकते. विल्डरनेसचा नियम वेगळा, स्मारकाचा वेगळा. शिवाय 2015च्या नियमानुसार पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय वनाला स्नोमोबाइल कुठे चालेल याचा नकाशा काढावा लागतो. कोणतं रान खरोखर बंद झालं, हे आधी त्या नकाशात पाहावं. जॅकेटच्या लेबलवरून ते कळत नाही.

प्रश्न : मग त्याच्यासाठी घ्यावं तरी काय? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ती कुणाला देणगी देते आणि कोणत्या संघटनेची सदस्य आहे, ते वाचावं. मालक कोण, तेही बघावं. रिग्बी, आयडाहोची 'क्लिम' स्नोमोबाइल आणि मोटरसायकल चालवणाऱ्यांसाठी कपडे बनवते. 2012पासून ती पोलारिसची आहे आणि पोलारिस स्वतः स्नोमोबाइल विकते, म्हणजे रान खुलं राहण्यात तिचा सरळ फायदा आहे. क्लिमच्या अनेक जॅकेटांत गोर-टेक्स हे पाणी न शिरू देणारं कापड असतं, तेच द नॉर्थ फेसही वापरते. बहिष्कार शिवणाऱ्यापर्यंत पोचतो, कापड करणाऱ्यापर्यंत नाही.

डोंगरात चालवणाऱ्याला घाम फार येतो. त्याला कापूस-भरतीचं जाड जॅकेट नको, बिनअस्तराचं बाहेरचं जॅकेट आणि आत दोन-तीन पातळ थर हवेत.

एका बाबतीत मात्र आमचं मत ठाम आहे. हिमस्खलनाच्या सामानात कंपनीची बाजू बघू नये. 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), धातूचं फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) चांगल्यातलंच घ्यावं. ट्रान्सीव्हर अंगावरच बांधावा, कारण माणूस आणि गाडी वेगळीकडे फेकले जातात. फावडं आणि प्रोबही पाठीवरच्या पिशवीत, गाडीच्या पेटीत नाही. फोन ट्रान्सीव्हरपासून किमान 20 सेंटिमीटर दूर, शोध घेताना 50 सेंटिमीटर, नाहीतर सिग्नल बिघडतो.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. तेंदूचा (बिडीच्या पानांचा) ठेकेदार निवडताना आम्हीही त्याची बाजू पाहावी का?
– ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका

उत्तर : जरूर पाहावी. भाच्याचा प्रश्न हौसेचा आहे, तुमचा पोटाचा. 2006च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) मोडतात, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तुमचा आहे. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार मिळाला. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न हा विचारा : ग्रामसभेचा वाहतूक पास मान्य आहे का? जो कुरकुरतो, त्याचा दर कितीही चढा असला तरी त्याच्याशी सौदा करू नये.

नुकसान बहुतेकदा फळीवर, म्हणजे पत्ता मोजून घेण्याच्या जागी होतं. दर मोठा सांगून ठेकेदार पुडे 'खराब' म्हणून बाजूला काढतो, किंवा अवकाळी पावसात वाळत घातलेला पत्ता तसाच सोडून जातो. म्हणून करारात लिहा : 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची प्रमाण गोणी. नापसंती त्याच दिवशी, मोजणीच्या वेळीच नोंदवायची. मोजून घेतलेला पत्ता भिजला तर नुकसान ठेकेदाराचं. पैसा ग्रामसभेच्या बँक खात्यात, आणि पूर्ण हप्ता जमा झाल्याशिवाय बोद (पत्त्याने भरलेल्या गोण्या) गोदामातून हलणार नाहीत. कोवळी पालवी फुटावी म्हणून रानाला आग लावली तर अनामत जप्त, हेही कलम घाला.

न विकण्याचाही पर्याय आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने फांदीतोड आणि आगीमुळे तेंदू काढणंच थांबवलं आणि बांबूवर भर दिला. तुमच्याकडे बांबू कमी असेल तर हा मार्ग जड जाईल, आधी हिशेब मांडा.

ठराव घेताना निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्या. मागाहून घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांवर ठेकेदार कोर्टात बोट ठेवू शकतो.