आधी सांग, मग विचार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दिल्लीतल्या निर्वासितांशी तू बोलतेस त्या कामाबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझे साहेब म्हणतात, तो अफगाण माणूस खरंच मरायला निघालाय की आश्रयाची केस पुढे सरकावी म्हणून तसं बोलतोय ते आधी शोधून काढ. आणि तू आठवडाभर तेच शोधत बसलीस! अगं, पीक बुडालेल्या शेतकऱ्याने जीव द्यायची भाषा केली तर तू खरं दुःख कुठलं आणि कर्जमाफीसाठीचं कुठलं ते निवडत बसशील का? त्याची केस हेच त्याचं जगणं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. खरं-खोटं ठरवायला दुसरी माणसं आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो.

मला त्या पत्रात खुपलं ते दुसरंच. जाता जाता लिहिलंयस, 'त्याचा पंधरा वर्षांचा भाचा छान हिंदी बोलतो, त्यामुळे भाषेची सोय झाली.' म्हणून हे पत्र, नाहीतर फोनच केला असता.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. तुला माहीतच आहे, इंदूरला सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं व्हिसावर दिवस काढतात. त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. तुझ्या दिल्लीतल्या माणसांचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत, आमच्या माणसांचे कलेक्टरकडे. वाट बघणं तेच.

तर त्यांतली एक बाई माझ्या ओपीडीत आली. झोप नाही, डोकं गच्च, अंगाची आग. तिला हिंदी जेमतेम, मला सिंधी शून्य. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी, इथल्या शाळेत जाणारी, चुणचुणीत. मी तिला म्हटलं, आईला विचार, मरून जावंसं वाटतं का? पोरीने माझ्याकडे बघितलं, मग आईशी काहीतरी बोलली. आई बराच वेळ बोलत राहिली. पोर म्हणाली, 'मम्मी कह रही हैं, सब ठीक है.' एवढ्या लांब उत्तराचं एवढंसं भाषांतर! मला तिथेच कळायला हवं होतं. मी 'नाही' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

अकराव्या दिवशी बाई वॉर्डात. वाचली. नंतर सिंधी येणाऱ्या एका नर्सला घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. पोरीने तो प्रश्न विचारलाच नव्हता. आईला डोकं कधीपासून दुखतंय एवढंच विचारलं होतं. तेराव्या वर्षी तो प्रश्न आईला कोण विचारेल? आणि बाई म्हणाली, विचारला असता तरी मी 'नाही'च म्हटलं असतं. तुम्ही लिहीत होतात, तो कागद व्हिसाच्या ऑफिसात जातो असं मला वाटलं.

त्या दिवशी साठेक पेशंट होते, दुभाषा कोणी नव्हता, खोलीला दारसुद्धा नव्हतं. हे मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलेय आणि त्यातलं काही खोटं नाही. पण 'हा कागद कुठेही जात नाही' हे वाक्य म्हणायला दार लागत नव्हतं. ते मी म्हटलं नाही.

म्हणून माझा एकच हट्ट आहे, आणि त्यावर कॉन्फरन्समध्ये लोक हसले तरी मी तो सोडलेला नाही. उत्तराचं पुढे काय होणार ते आधी सांग, मग प्रश्न विचार. या माणसांना आयुष्यात ज्यांनी ज्यांनी प्रश्न विचारले ते सगळे वर्दीतले किंवा टेबलामागचे होते. तूही टेबलामागेच बसतेस. तुझ्या पीएचक्यू-नाइनचा, म्हणजे त्या नैराश्याच्या प्रश्नावलीचा, मरणाच्या विचारांबद्दलचा नववा प्रश्न त्याला मुलाखतीचा पुढचा प्रश्न वाटतो.

आधी सांग की तू त्याच्या केसचा निर्णय घेत नाहीस. नोंद कुठल्या कपाटात राहते आणि कोण वाचतं तेही सांग. आणि जे सांगायला जीभ अडते तेही सांग: जीवच धोक्यात दिसला तर मी गप्प बसणार नाही, अमुक माणसाला कळवीन, आणि कळवण्याआधी तुला सांगीन. सगळं गुप्त राहील अशी थाप मारू नकोस. एकदा पकडली गेलीस की संपलं.

पोलिसांचं तो विचारणार नाही, मनातच ठेवील. तूच काढ. पाकिस्तानात आत्महत्येचा प्रयत्न २०२२ च्या अखेरपर्यंत गुन्हा होता. तो गुन्हा ठरवणारं आपल्या दंडविधानाचं कलम ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कुठे गेलं, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने त्याची नांगी आधीच मोडली होती तरी. पण नव्या संहितेत कलम २२६ आहे: सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवायला किंवा भाग पाडायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर शिक्षा. कचेरीसमोर काही करीन म्हणणाऱ्याला हे माहीत हवं, आणि धमकी न वाटता सांगता यायला हवं. तुझ्या साहेबांना हे कलम माहीत आहे का, विचार. आणि उपचाराचा हक्क देताना मानसिक आरोग्य कायदा 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतो. तेही ऐकव त्यांना.

दुभाष्यालाही आधी सांग. पाच मिनिटं त्याच्यासोबत बस, 'मी खुदकुशी म्हटलं तर तूही खुदकुशीच म्हण' म्हणावं. हा शब्द हिंदीत, उर्दूत आणि अफगाणांच्या दरी भाषेत एकच आहे, तुझं नशीब. लाजेने किंवा पापाच्या भीतीने मऊ केलेला प्रश्न पोचतच नाही. पण उत्तर मऊ येईल, ते तसंच घे. दरीत 'जिगर खून' म्हणतात, काळीज रक्तबंबाळ झालेलं. त्याचं 'डिप्रेशन' करून आणू नको म्हणावं. आपली आजी 'देवाने उचलावं आता' म्हणते आणि वर दोन पोळ्या खाते. कुणाचं 'उचलावं' कुठल्या जातीचं हे मूळ शब्द हातात असल्याशिवाय कसं कळणार? आणि दुभाषा त्याच्याच गल्लीतला नको. तुमच्या दिल्लीतल्या भोगलच्या एका खोलीत आठ जण राहत असतील तर दुपारी तुला सांगितलेलं संध्याकाळी चुलीपाशी पोचतं.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम आहेत असं सरकारने लगेच सांगितलं, पण कच्च्या कागदावर असलेल्यांना त्याने कुठली झोप? निवृत्त आहे तरी मी रामबागेतल्या घरी चौघा-पाचांशी बोलले. प्रत्येकाला पहिल्यांदा कोरी वही उघडून दाखवली आणि म्हटलं, तुमच्यासमोर मी यात काही लिहिणार नाही, नंतर लिहिलं तर वाचून दाखवीन. एकीने वही हातात घेऊन पानं उलटून बघितली. मग बोलली. माझ्याकडे यापेक्षा मोठी विद्या नाही.

गुरुवारी तो येईल. १४४१६ हा टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर देणार असशील तर त्याआधी स्वतः लावून बघ, पलीकडे त्याला समजेल अशी भाषा मिळते का. आणि तो भाचा सोबत येईल, त्याला बाहेर बसव. चहा-बिस्किटं दे, आणि जे काही असेल ते त्याने मामाला विचारायचं नाही, हेही त्याला सांग.

तुझी,
ताई