मुहूर्त काढण्याआधी ग्रीन कार्डची तारीख बघा

लग्न भारतात आणि संसार अमेरिकेत थाटणाऱ्या वाचकांचे हे काही प्रश्न.

प्रश्न : मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. आय-१४० (कंपनीने माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झालाय, आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) भरलाय, ग्रीन कार्ड कधीही येईल. घरचे म्हणतात, कार्ड हातात येऊ दे, मग पुण्यात थाटात लग्न करू. थांबू का?

थांबू नका. या एका चुकीमुळे लग्नानंतर एकमेकांपासून लांब राहावं लागलेली जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल, तर पत्नी तुमच्याच अर्जावरची आश्रित ठरते आणि तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) तिलाही लागू होते. मंजुरीनंतर एका दिवसाने जरी लग्न केलंत, तरी ती एफ-टू-ए या, ग्रीन कार्डधारकांच्या पती-पत्नींच्या वेगळ्या रांगेत जाते आणि त्या रांगेला वार्षिक मर्यादा आहे. शिवाय तोवर तुमचा एच-वन-बी दर्जा संपलेला असतो, त्यामुळे एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर तिला आणण्याची वाटही बंद होते.

साखरपुडा यात धरत नाहीत. लग्न जिथे लागलं, तिथल्या कायद्याने ते वैध असावं लागतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी झाले की लग्न झालं, पण व्हिसाच्या कामाला नोंदणीचं प्रमाणपत्र लागतंच. ते फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस असते, आणि नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. दोन आठवड्यांची रजा काढून गेल्यावर ही धावपळ जमत नाही. तिकीट काढण्याआधीच विवाह नोंदणी कार्यालयात विचारा.

आय-४८५ प्रलंबित असताना देश सोडणार आहात, तेव्हा वैध एच-वन-बी व्हिसावर, त्याच नोकरीत परत या, नाहीतर जाण्याआधी अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात ठेवा. दोन्ही नसेल तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

ज्यांच्या प्रायॉरिटी डेटचा नंबर लागायला अजून फार वेळ आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ग्रीन कार्डची ही रांग पासपोर्टवर नाही, जन्मदेशावर ठरते. होणारा जोडीदार भारतीय नागरिक असला तरी जन्म दुबईचा किंवा लंडनचा असेल, तर त्या देशाच्या रांगेतून दोघांचेही अर्ज पुढे नेता येतात. अनेकांना हे उशिरा कळतं, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : मी अमेरिकन नागरिक आहे, माझा होणारा नवरा नाशिकला असतो. के-वनवर, म्हणजे होणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, त्याला इकडे आणू की तिकडे लग्न करून येऊ?

लग्न नाशिकला करायचंच असेल तर लग्न करूनच आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरा. नागरिकाच्या पती-पत्नीला वार्षिक मर्यादा नसते. शिवाय तो उतरतो तोच कायम रहिवासी म्हणून, लगेच नोकरी करू शकतो. के-वनला गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते, इथे आल्यावर ९० दिवसांत लग्न लागतं आणि तेही अर्ज करणाऱ्या व्यक्तीशीच. त्यानंतर ग्रीन कार्डचा अर्ज वेगळा, आणि वर्क परमिट येईपर्यंत सहसा घरी बसणं.

के-वन निवडलात तर घरच्यांना आधीच नीट समजवा. तो व्हिसा अविवाहितांसाठी आहे. आजीच्या आग्रहाखातर मध्येच देवळात लग्न लावलंत, तर तो गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : प्रेयसीकडे व्हिजिटर व्हिसा आहे. ती आली की इथेच लग्न करून राहिली तर?

फिरायला आलेल्या माणसाने इथे लग्न करणं गुन्हा नाही. पण राहण्याचा बेत मनात ठेवून विमानतळावर ‘फिरायला आले’ असं सांगणं ही खोटी माहिती ठरते, आणि त्यापायी अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. हा मार्ग घेऊ नका.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न चालतं का?

विधीच्या वेळी दोघं एकत्र हजर नसतील तर इमिग्रेशनसाठी ते लग्न धरत नाहीत. त्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून वैवाहिक सहवास झाला असेल, तरच धरतात.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड नवऱ्यामुळे मिळालेलं, दोन वर्षांचं आहे. भांडण झालं की तो म्हणतो, ‘सही करणार नाही, भारतात पाठवून देईन.’ मी काय करू?

ताई, तुम्हाला परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, म्हणून ते सशर्त आहे. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांच्या सहीने आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरायचा, हा नेहमीचा मार्ग. पण घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर त्याच्या सहीशिवाय एकटीने तोच अर्ज भरता येतो, आणि त्यासाठी त्या ९० दिवसांची वाट बघावी लागत नाही. लग्न खरं होतं हे मात्र दाखवावं लागतं : दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खातं, टॅक्स रिटर्न, लग्नाचे आणि नंतरचे फोटो.

या सगळ्याच्या प्रती आजच काढा आणि विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. पासपोर्ट आणि कार्ड स्वतःजवळ बाळगा. अंगावर हात टाकत असेल तर पोलिसांचा क्रमांक ९११, आणि नुसतं बोलायचं असलं तरी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ दिवसरात्र चालू असते. इंग्रजीत बोलायचं दडपण येत असेल तर दुभाषी मागा.