सर्व्हिसचा क्रम चुकला तर? दुहेरी टेनिसवर वाचकांचे प्रश्न

आमच्या कॉलनीच्या दुहेरी स्पर्धेत ३०-१५ असताना लक्षात आले की सर्व्हिस भलताच करतोय. वाद इतका पेटला की सामना तिथेच थांबला. नियम काय सांगतो? (फोंडा)

अ आणि ब विरुद्ध क आणि ड असा सामना धरा. क्रम ठरला अ, क, ब, ड. पाचव्या गेमला पुन्हा अ यायला हवा होता, पण चेंडू घेतला ब ने. ३०-१५ ला चूक कळली तर त्याच क्षणी सर्व्हिस अ कडे द्यायची. झालेले गुण तसेच राहतात, गेम पहिल्यापासून सुरू होत नाही. ब ची पहिली सर्व्हिस फॉल्ट (म्हणजे चुकीची) गेल्यावर चूक कळली, तर तो फॉल्टही धरला जातो आणि अ ला फक्त दुसरी सर्व्हिस मिळते, कारण चूक त्याच जोडीची आहे. याउलट सर्व्हिस समोरच्या जोडीची असताना तुम्हीच करत बसलात, तर तो फॉल्ट पुसला जातो.

गेम संपल्यावर कळले तर मात्र काही उलटे फिरवायचे नाही. बदललेला क्रमच सेट संपेपर्यंत चालतो: ब, क, अ, ड.

टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या निर्णायक गेममध्ये, हिशेब वेगळा. सम संख्येने गुण झाल्यावर चूक सापडली तर लगेच दुरुस्त करा, विषम झाले असतील तर बदललेला क्रम पुढे चालू द्या. रिसीव्ह करणाऱ्यांनी बाजू बदलल्या असतील तर तो गेम तसाच संपवायचा आणि त्या सेटमध्ये पुढच्या वेळी रिसीव्ह करताना आपापल्या मूळ बाजूला जायचे.

गल्लीतल्या सामन्यात पंच नसतो. तेव्हा सेट सुरू होताना चारही नावे क्रमाने मोबाईलवर टिपून ठेवा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

पहिली सर्व्हिस जोडीतल्या चांगल्या सर्व्हरनेच करावी का? आमचे कोर्ट समुद्राजवळ, संध्याकाळी वारा जोरात असतो. (मिरामार)

डोळे झाकून तसे करू नका. दुहेरीत एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू कायम एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. कागदावर मांडून पाहा. टोके बदलतात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर. पहिल्या गेमला तुम्ही क्लबहाउसच्या टोकाला असाल तर पाचव्या आणि नवव्या गेमलाही तिथेच असता. तुमच्या जोडीदाराचे गेम तिसरा आणि सातवा, ते दोन्ही पलीकडच्या टोकाला. म्हणजे वारा पाठीवर कोणाला आणि तोंडावर कोणाला, हे सेटच्या सुरुवातीलाच ठरून जाते.

आमचे मत असे: ज्याची सर्व्हिस जोरकस आहे त्याला वाऱ्याच्या तोंडावर ठेवा, त्याचा चेंडू वारा कापून जातो. मऊ सर्व्हिसवाल्याला वारा पाठीवर द्या. पण पाठीवरचा वारा चेंडू बॉक्सबाहेर ढकलतो, म्हणून त्याने टॉस (सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू) थोडा खाली ठेवावा आणि टॉपस्पिन (पुढची फिरकी) द्यावा. वारा आडवा वाहत असेल तर हा विचार बाजूला ठेवून उन्हाकडे बघा. डावखुरा आणि उजवा अशी जोडी असेल तर टॉस करताना ज्याच्या डोळ्यांत ऊन येत नाही, त्याला ते टोक द्या. पुढच्या सेटला क्रम नव्याने ठरवता येतो. तो ठरवाच, कारण ६-३ सारख्या विषम बेरजेवर सेट संपला की टोके लगेच बदलतात आणि ६-४ वर संपला तर पुढच्या सेटच्या पहिल्या गेमनंतर.

मी नेटवर असताना रिटर्न दरवेळी माझ्या बाजूच्या पट्टीतून निघून जातो. पट्टीजवळ उभा राहू का? (मडगाव)

नको. दुहेरीसाठी कोर्ट दोन्ही बाजूंनी १.३७ मीटरने वाढते, ८.२३ वरून १०.९७ मीटरवर जाते. ती पट्टी दिसायला मोठी वाटते, पण तिथून मारणे महागात पडते. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर असते, खांबाशी १.०७ मीटर. सरळ मारणाऱ्याला उंच नेटवरून, कमी लांबीच्या कोर्टात चेंडू बसवायचा असतो. दोन-तीन गुण तिथून गेले तर जाऊ द्या. तुम्ही पट्टी राखत बसलात तर मधला रस्ता मोकळा होतो.

सर्व्हिस बॉक्सच्या मधोमध, नेटपासून सुमारे २ ते ३ मीटरवर उभे राहा. पाठीमागे हाताने खूण ठरवा: मूठ म्हणजे जागेवर, उघडा पंजा म्हणजे मधल्या चेंडूवर झेप. सर्व्हरने खूण पाहिल्याशिवाय टॉस करू नये. पंजा दाखवलात तर जायलाच हवे, कारण तुमची रिकामी बाजू भरायला सर्व्हर धावलेला असतो. अर्ध्या वाटेत थबकलात तर दोघेही एकाच बाजूला सापडता.

हेच आणखी नेटाने करायचे तर आय-फॉर्मेशन आहे. नेटवाला मधल्या रेषेवर नेटच्या उंचीखाली वाकून बसतो, सर्व्हर मधल्या खुणेजवळून सर्व्ह करतो, मग दोघे विरुद्ध दिशांना पांगतात. सर्व्हिस मधल्या रेषेवरच, म्हणजे टीवर टाका. बाहेर टाकली की रिसीव्हरला दोन्ही बाजूंना कोन मिळतो.

बालेवाडीच्या एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) स्पर्धेत दुहेरीला ४०-४० वर एकाच गुणात गेम संपायचा, विम्बल्डनला ड्यूस (४०-४० ची बरोबरी) चालूच राहतो. असे का? (पर्वरी)

एटीपी टूरवर पुरुष दुहेरीत नो-अ‍ॅड पद्धत आहे. ४०-४० ला एकच निर्णायक गुण, आणि सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक, २ गुणांच्या फरकाने. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज बांधता यावा म्हणून ही सोय. विम्बल्डनची पुरुष दुहेरी २०२३ मध्ये पाचवरून तीन सेटवर आली, अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे ड्यूसनंतर सलग दोन गुण लागण्याची पद्धत मात्र तिथे टिकून आहे. निर्णायक गुणाला सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे रिसीव्ह करणारी जोडी सांगते, पण आपसात जागा बदलू शकत नाही. भरवशाच्या रिटर्नरची बाजू घ्या. आधीच्या गुणाला कोणी झकास मारले यावर जाऊ नका.

जोडीदार बदलला तर रँकिंगचे गुण कुणाकडे राहतात? आणि लिअँडर पेस गोव्याचे ना? (डिचोली)

गुण खेळाडूचे, जोडीचे नव्हेत. प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. रोहन बोपण्णा २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून ४३व्या वर्षी अव्वल झाला, तो क्रमांक त्याचा स्वतःचा. पेस यांचा जन्म १९७३ चा, कोलकात्याचा, घराण्याचे मूळ गोव्यात. महेश भूपतीबरोबर १९९९ मध्ये ते चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होते. त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन त्यांनी जिंकली.

सर्व्हिस थेट नेटवरच्या खेळाडूच्या अंगावर बसली तर? (म्हापसा)

स्वतःच्या जोडीदाराला लागली तर फॉल्ट. टप्पा पडण्याआधी रिसीव्हरच्या जोडीदाराला लागली तर गुण सर्व्हरचा, पण त्याआधी नेटला घासली असेल तर लेट, म्हणजे सर्व्हिस पुन्हा.