स्लाइडवर सगळं लिहिलं होतं, तरी लोक मोबाइल बघत बसले

प्रश्न: ताई, मी एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच वरच्या लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली, 20 मिनिटं दिली होती. काही सुटायला नको म्हणून 34 स्लाइड केल्या, सगळं मुद्देसूद लिहिलं, तीन रात्री जागले. पण पाचव्या-सहाव्या स्लाइडलाच लोकांनी मोबाइल काढले आणि शेवटी एका सरांनी विचारलं, "बरं, पण तुमचं म्हणणं काय आहे?" रडूच यायचं बाकी होतं. पुढच्या महिन्यात परत द्यायचंय. सोबत सातवी स्लाइड पाठवतेय, काय बदलू सांगा.

उत्तर: तीन रात्री जागून केलेल्या कामाचं असं झालं की किती लागतं ते मला कळतंय. तुमची मेहनत अजिबात कमी पडलेली नाही, फक्त ती सगळी स्लाइडवर ओतली गेली. होतं काय, समोर पूर्ण वाक्यं दिसली की माणूस ती वाचायलाच लागतो, त्याला थांबता येत नाही, आणि वाचता वाचता तुमचं बोलणं ऐकणं हे जमतच नाही कारण दोन्हीकडे शब्दच आहेत. त्यात वाचायचा वेग बोलण्यापेक्षा जास्त, म्हणजे तुम्ही दुसऱ्या मुद्द्यावर असता तोवर समोरच्याचं सगळं वाचून झालेलं असतं, मग हात मोबाइलकडे जाणारच. जॉन स्वेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात कॉग्निटिव्ह लोडची, म्हणजे डोक्यावर पडणाऱ्या भाराची, जी थिअरी मांडली तिचं सार हेच आहे की डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. तेच शब्द दाखवायचे आणि तेच वाचून पण दाखवायचे, यात ती थोडीशी जागाही वाया जाते.

खरं म्हणजे तुम्ही एकाच फाइलला तीन कामं लावलीत. तुम्हाला बोलताना आठवावं म्हणून नोट्स, नंतर कुणी वाचावं म्हणून रिपोर्ट, आणि समोर दाखवायच्या स्लाइड. ही तिन्ही वेगळी करा. नोट्स स्लाइडखाली जी नोट्सची जागा असते तिथे टाका, प्रेझेंटर व्ह्यू लावला की त्या फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतात. टेबलं आणि बारीक आकडे दोन-तीन पानांच्या पीडीएफमध्ये घाला आणि तो बोलणं संपल्यावर द्या, आधी दिला की लोक त्यातच डोकं घालून बसतात.

आता तुमची सातवी स्लाइड. वर लिहिलंय 'तक्रारींचं विश्लेषण', खाली नऊ बुलेट, उजवीकडे सहा रंगांचा पाय चार्ट. आणि आठव्या बुलेटमध्ये, बारीक अक्षरात, असं आहे की निम्म्याहून जास्त तक्रारी पार्सल कुठे आहे ते न कळल्याच्या आहेत. अहो, हेच तर तुमचं म्हणणं! सरांनी जे विचारलं त्याचं उत्तर तुमच्याच स्लाइडवर होतं, फक्त आठव्या ओळीपर्यंत कुणी पोचलंच नाही. ते उचला आणि मथळ्यात बसवा: 'निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच कारणाच्या, पार्सल कुठंय ते कळत नाही'. खाली पाय चार्टऐवजी आडव्या पट्ट्यांचा बार चार्ट, ही एक पट्टी गडद निळी आणि बाकी सगळ्या करड्या. पाय चार्टच्या गोलातले तुकडे नजरेने मोजणं अवघड जातं, पट्टीची लांबी चटकन कळते. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी नकोच, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. उरलेल्या बुलेटपैकी चार-पाच तुम्ही तोंडाने सांगाल, बाकीचे रिपोर्टमध्ये जातील.

मथळ्याबद्दल मी एवढा आग्रह का धरतेय त्याचं एक उदाहरण सांगते. जानेवारी 2003 मध्ये नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडताना फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या पंखावर आदळला. त्याने किती धोका आहे हे नासाच्या लोकांना स्लाइडवरून समजावलं गेलं, त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून वाटावं की फारसं काळजीचं नाही. पण त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी आकडे होते की ज्या तुकड्यांवर आधी चाचण्या झाल्या ते 3 घन इंचाचे होते आणि हा आदळलेला 1920 घन इंचाचा, म्हणजे 640 पट मोठा! 1 फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघाताची कारणं पुष्कळ होती, ती काही एका स्लाइडवर ढकलता येणार नाहीत, पण चौकशी समितीने त्या स्लाइडची वेगळी दखल घेतली आणि तांत्रिक रिपोर्टऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर स्पष्ट टीका केली. तेव्हापासून मी कुणाचीही स्लाइड बघायला घेतली की आधी तळाची ओळ वाचते.

स्लाइड किती असाव्यात याचं मला विशेष वाटत नाही. गाय कावासाकी या अमेरिकन लेखकांचा 10-20-30 नियम प्रसिद्ध आहे, 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. 10 च्या 14 झाल्या तरी चालतील पण 30 पॉइंट सोडू नका, अक्षर मोठं असलं की जास्त मजकूर घुसवताच येत नाही. आणि सुरुवात कंपनीच्या इतिहासाने करू नका. पहिल्याच मिनिटात सांगा की आज मला अमुक निर्णय हवाय आणि तो या कारणासाठी, मग पुढचं सगळं लोक त्या अंगाने ऐकतात. मध्ये चर्चा रंगली तर कीबोर्डवर बी दाबा, स्क्रीन काळी होते आणि सगळे तुमच्याकडे बघतात, परत दाबलं की स्लाइड येते.

प्रश्न: बोलायला उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, पहिली दोन मिनिटं काय बोललो तेच आठवत नाही. पाठ करू का?

उत्तर: सगळं नको, मध्ये एक शब्द विसरला की पुढची गाडीच अडते. फक्त पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन पक्की करा. आणि सराव मनात नको, उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून, निदान तीन वेळा. जिथे दरवेळी जीभ अडखळते ना, तिथे बहुतेक वेळा तुमचा विचारच स्पष्ट झालेला नसतो, ती स्लाइड बदला.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर मराठी अक्षरं सुंदर दिसत होती, हॉलमधल्या कॉम्प्युटरवर वेगळाच फॉन्ट आला आणि ओळी चौकटीबाहेर गेल्या. असं का होतं?

उत्तर: तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हता, म्हणून त्याने आपल्याकडचा दुसरा लावला आणि त्याची रुंदी वेगळी. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची सोय आहे, पण काही फॉन्टचं लायसन्स ते करू देत नाही. म्हणून पीडीएफ कॉपीही पेन ड्राइव्हवर ठेवाच, त्यात ॲनिमेशन जातं पण अक्षर हलत नाही. आणि 15 मिनिटं आधी पोचून सगळ्या स्लाइड एकदा मोठ्या स्क्रीनवर फिरवून, शेवटच्या रांगेत बसून बघा.