पहिलीच हाफ आयर्नमॅन आहे, गोव्याची (१.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, मग २१ किमी पळणं), आणि अंदाज पावसाचा आहे. उतरावं की पुढच्या वर्षी बघावं? रेनजॅकेट, टायर प्रेशर, ब्रेक यांचं काय करावं?

उतरा.

खरं तर एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण 'पुढच्या वर्षी बघावं' हे वाचलं आणि आमटीखालचा गॅस बारीक करून लिहायला बसले. हेच वाक्य मला माझ्या रेसच्या दिवशी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी व्हॉट्सॲपवर आलं होतं. त्यानंतर दोन फोन बदलले, स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलाय.

"मॅडम, पाऊस थांबला नाही तर स्टार्ट घेऊ नका. तुमचं ब्रेकिंग अजून कच्चं आहे. पुढच्या वर्षी बघू."

आमच्या सरावाच्या ग्रुपचे सर. नाव लिहिणार नाही. मी तेव्हा गोव्यात, मिरामारजवळच्या लॉजच्या बाथरूममध्ये होते. खोलीत लेक झोपलेली, म्हणून दार लोटून घेऊन काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडत होते. बोटं इतकी बुळबुळीत की फोनचं लॉक उघडेना. वरच्या पट्टीत दिसला तेवढाच मेसेज वाचला. उत्तर टाइप करता आलं नाही हे सरांचं नशीब.

मी कोल्हापूरची, बँकेत नोकरी, तेव्हा वय ४७. पोहायला शिकले गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून, सायकल मात्र चाळिशीनंतरची. गोव्याची ही रेस २०१९ला सुरू झाली, कोविडची दोन वर्षं झाली नाही, मग पुन्हा सुरू. मी कुठल्या साली केली ते सांगत नाही, ग्रुपातली निम्मी मंडळी इथे वाचत असतात. साल कळलं की ते पुढचं सगळं ओळखतील. तसे ओळखतीलच म्हणा.

रात्रभर पाऊस कोसळला होता. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी पार चहाच्या रंगाचं. हात पुढे टाकला की कोपराच्या पुढचं काही दिसत नव्हतं. एक मजा सांगते, समुद्र कोमट होता आणि पाठीवर पडणारा पाऊस गार. वेटसूटचा (पाण्यात गरम ठेवणाऱ्या, तरंगायला मदत करणाऱ्या रबरी सूटचा) विचार करत असाल तर सोडून द्या, पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की आपल्यासारख्या हौशी मंडळींना तो चालत नाही आणि गोव्याचा समुद्र त्याच्या बराच वर असतो. आमचा सराव राजाराम तलावातला. तलावात मान वर काढली की खुणेचा फुगा दिसतो. इथे मान काढावी तर समोर नुसती पाण्याची भिंत. असं तीनचारदा झालं, नाकातोंडात पाणी गेलं, कुणाची तरी टाच गालावर बसली. मग लक्षात आलं की आपण लाटेच्या खळग्यात असतानाच मान काढतोय. लाट अंगाखाली येऊन उचलते, त्या क्षणी बघायचं. फुगा तिथेच असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय. एक तास दोन मिनिटं लागली. कट-ऑफ, म्हणजे शेवटची मुदत, एक तास दहाची.

आता सायकल, म्हणजे माझं ते कच्चं ब्रेकिंग.

आमच्या ग्रुपातले झाडून सगळे पुरुष जून ते सप्टेंबर घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी मारायचा स्टँड) लावून, समोर स्क्रीन ठेवून सायकल मारतात. पाऊस पडतो, सायकल खराब होते, चेनला गंज चढतो. माझ्याकडे ट्रेनर नव्हता. आणि असता तरी घरात बसून सायकल मारताना 'दोन मिनिटं दूध बघ गं' म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. म्हणून मी रविवारी पहाटे गगनबावड्याच्या रस्त्याला जायचे, कळ्यापर्यंत, जमलं तर साळवणपर्यंत. तो पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. रोपलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात आणि चिखलाचे पट्टे टाकत जातात. माझी सायकल साध्या ॲल्युमिनियम रिमची, रिम ब्रेकवाली, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेलाच घासतो. ओल्या रिमवर ब्रेक पहिल्यांदा दाबला की काहीच होत नाही, तो नुसता पाणी पुसतो. दुसऱ्यांदा दाबला की धरतो. त्यामुळे उतारावर, वळणाच्या बरंच आधीपासून मी ब्रेक हलका हलका चाटवत जाते. मागून बघणाऱ्याला वाटतं, बाई घाबरली. सर एकदाच माझ्यामागून आले होते, जानेवारीत, कोरड्या रस्त्यावर. तिथेही सवयीने मी तेच करत होते, आणि त्यावरून त्यांनी 'कच्चं' ठरवलं.

रेसमध्ये पहिले ४० किलोमीटर धो धो पाऊस. चष्म्यावर वाफ धरली, तो काढून पाठीच्या खिशात घालायला गेले तर खिशात लगदा. राजगिऱ्याचे चार लाडू ठेवले होते, त्यांची खीर झाली होती. मग काय, पुढचे दोन तास दर पंधरावीस मिनिटांनी हात मागे न्यायचा, बोटाने खीर काढायची आणि चाटायची. एका फिरंगी गड्याने बाजूने जाताना माझ्याकडे बघितलं ते तोंड मी विसरणार नाही. ५५च्या आसपास चेन पडली. बोटं पाण्याने इतकी सुरकुतलेली की कडी कुठे आहे ते हाताला लागेना. चढवली कशीबशी आणि हात मांडीला पुसला. फिनिशच्या फोटोत ट्रायसूटवर (तिन्हींसाठीचा एकच पोशाख) पाच बोटांचा काळा पंजा आहे, घरच्या देवळीतल्या हळदीच्या हातासारखा.

रस्त्यावरचे पांढरे पट्टे मात्र खरंच जीवघेणे. रंगावर पाणी पडलं की साबण. झेब्रा क्रॉसिंग आलं की पॅडल थांबवायचं, हँडल सरळ, ब्रेकला हात नाही. आमच्यातला एक मुलगा माझ्यादेखत अशाच पट्ट्यावर वळताना आडवा झाला. कॉलरबोन गेलं. चाकं कार्बनची, खोल रिमची, किंमत माझ्या अख्ख्या सायकलच्या अडीचपट. कार्बन रिमला पावसात रिम ब्रेक आणखीनच उशिरा धरतो, आणि बाजूने वारा आला की ती खोल चाकं शिडासारखी ओढतात. हे मी एप्रिलमध्येच बोलले होते, तेव्हा सगळे हसले होते. तो पडला याचा मला आनंद नाही, पोरगं चांगलं आहे, दोन महिने बिचारा गळपट्टी बांधून ऑफिसला जात होता. पण त्याचं ब्रेकिंग कच्चं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

सायकल ४ तास ६ मिनिटं. वेळ बेताचीच, पण कट-ऑफच्या आत.

आणि मग ऊन पडलं.

तुमचा प्रश्नच मुळात उलटा आहे, हे मला तिथे कळलं. गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खराब हवामान म्हणजे पाऊस नव्हे. पाऊस तुमचं इंजिन गार ठेवतो. पाऊस थांबल्यावर जे होतं ते खराब हवामान. साडेबारापर्यंत ढग फाटले, रस्त्यातून भातासारखी वाफ निघायला लागली. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, तो नुसता वाहून जातो, सोबत मीठ घेऊन. त्यात माझी घोडचूक अशी की पावसात तहान लागली नाही म्हणून सायकलवर दोन बाटल्यांपैकी दीड तशीच परत आणली. पळायला लागल्यावर चौथ्या किलोमीटरला मांडीत गोळा आला. डोकं असं झालं की किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा एकूण अंतरातून वजा करून उरलेलं अंतर काढता येईना. मी बँकेत आहे, बरं का.

मग चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. प्रत्येक पाण्याच्या टेबलाला टोपीत बर्फ, ओआरएसचे घोट, मिठाची चिमूट. नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठ गेलेल्या अंगात नुसतं पाणी घालणं वेगळं संकट आहे. २ तास ५८ मिनिटं लागली. मधली कपडे-बूट बदलण्याची मिनिटं धरून एकूण ८ तास २२. मुदत साडेआठ तासांची, म्हणजे आठ मिनिटं हातात. मेडल गळ्यात घालणाऱ्या मुलीला मी कोकणीत काहीतरी सांगायला गेले आणि रडायलाच आलं, ते असो.

आम्ही आठ जण गेलो होतो, पाच जणांचं पूर्ण झालं. एक पडलेला, एकाला दोन पंक्चर (पावसात काचा-खडे रस्त्यावर धुऊन येतात, एकच ट्यूब घेऊन जाऊ नका), आणि तिसरा माझ्यासारखाच उन्हात संपला, फक्त तो वेगात होता म्हणून लवकर संपला. रात्री सरांचा ग्रुपवर मेसेज: 'आजचं हवामान अपवादात्मक होतं, वेळेकडे कुणी बघू नये.' अपवादात्मक? जुलैतल्या कुठल्याही रविवारी साळवणला या.

दुसऱ्या दिवशी परतताना आंबोलीला चहा-भजीला थांबलो. मी सहज म्हटलं, "पहाटे सरांचा मेसेज बघून तुमच्याही पोटात गोळा आला असेल ना?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "कसला मेसेज ताई?" सात जणांपैकी एकालाही आला नव्हता. सर समोरच बसले होते, बशीत चहा ओतत. ते म्हणाले, "तुमची काळजी होती मॅडम." मी म्हटलं, "आणि ह्याची नव्हती?" आणि गळ्यात हात बांधलेल्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर आजऱ्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

सरांचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. खोल पाण्यात माझा श्वास अडकायचा, ते त्यांनीच महिना महिना बाजूने पोहत काढलं. पण कोण कशात कच्चं आहे हे ठरवायला त्याच्यासोबत त्या हवेत एकदा तरी जावं लागतं. हवामान ॲपवर ढगाचं चित्र बघून ते कळत नाही.

आता तुमचं जे राहिलं ते. वीज चमकत असेल तर वरचं सगळं विसरा, पाण्यात जायचं नाही आणि असाल तर लगेच बाहेर. पण तो निर्णय तुम्हाला एकट्याला घ्यायचा नसतो. मोठ्या रेसवाले वेळ आली तर स्वतःच कापतात. न्यूझीलंडच्या ताउपोला २००६ साली वादळाने पोहणं रद्द करून सायकल आणि पळणं अर्ध्यावर आणलं होतं, फ्लोरिडात २०१४ला समुद्राला ओढ होती म्हणून पोहणंच काढून टाकलं. आयोजकांनी सुरू ठेवली तर तुम्ही का थांबताय, एवढाच प्रश्न उरतो. अर्थात पावसात आजवर एकदाही सायकल चालवली नसेल तर मात्र त्या दिवशी पहिला धडा घेऊ नका. बीपी वगैरे असेल तर डॉक्टरला विचारा, मला नको.

रेनजॅकेट नको, आत उकडून मराल. टायर माझे २५ मिलिमीटर रुंदीचे, ५८ किलो वजनाला एरवी ८५ पीएसआय भरते, पावसात ७०-७५. तुमचं वजन लिहिलेलं नाही. पळण्याच्या बॅगेत कोरडे मोजे झिपच्या पिशवीत घालून ठेवा, बॅगा रात्रभर बाहेर भिजतात. डिस्क ब्रेक असतील तर तुमची निम्मी काळजी मिटली.

आणि लाडू खिशात ठेवणार असाल तर तेही झिपच्या पिशवीत. आमटी उतू गेलीय, जाते.