गोष्टीची पुस्तकं कपाटात बंद करायची का?

जानेवारी ते मे या काळात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, लहानपणी सायन्सचं इतकं वेड होतं, आणि आता पुस्तक उघडायला तयार नाही. नुसत्या गोष्टी वाचून राहते." कुणी धरमपेठेतून आलेलं असतं, तर कुणी भंडारा-गोंदियाहून मुलांना इथे नागपुरात क्लाससाठी ठेवलेलं असतं. पुढचा प्रश्नही ठरलेला. गोष्टीची पुस्तकं कपाटात बंद करू का?

माझं उत्तर आहे, नको. का, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं मोजकंच इथे देते आहे.

मुलगी नुकतीच बारावीत गेलेली, नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेची बॅच. आठवीपर्यंत बाबांच्या मागे लागून गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात जायची, तारांगणाचा तोच तो शो पाहायची. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला स्वतःहून बसली होती. आता रविवारच्या टेस्टमध्ये ७२० पैकी तीनशेच्या आसपास अडकलेली. उशाशी विज्ञानकथांचा एक जुना संग्रह, कव्हर निघालेला, आजोबांनी दिलेला. वाचायची ती तेवढंच पुस्तक, संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून.

आईला त्याचीच धास्ती बसली होती. "नवीन काही वाचलं तर मी समजू शकते. पण तेच ते काहून वाचून राहिली? डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

मुलीला मी एकटीला भेटले. अभ्यासाचा विषयच काढला नाही. विचारलं, "तेच पुस्तक का गं?"

बराच वेळ ती बॅगची चेन उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "त्यात शेवटी काय होते ते मला माहीत आहे."

एवढ्या एका वाक्यात सगळी केस माझ्यासमोर उलगडली. अशा वेळी समजावायला जायचं नसतं, वाक्य तसंच राहू द्यायचं असतं. दर रविवारी टेस्ट. सोमवारी सकाळी ग्रुपवर रँकसकट यादी. आपलं काय होणार याचा पत्ता नाही, पण जे होईल ते सगळ्यांसमोर होणार हे नक्की. अशा आठवड्यात ती तासभर तिथे जाऊन बसत होती, जिथे हरवलेलं यान शेवटी परत येतंच. आईला ती टाळाटाळ वाटत होती. मुलगी विसावा शोधत होती. ते पुस्तक काढून घेतलं असतं तर तो तास अभ्यासाला मिळाला नसता, मोबाइलला मिळाला असता.

पुढच्या एका भेटीत मी म्हटलं, "पूर्वी तू खूप प्रश्न विचारायचीस म्हणे."

"आता नाही पडत."

"पडत नाहीत, की विचारत नाहीस?"

"क्लासच्या डाउट काउंटरवर विचारलं तर सर म्हणतात, हे परीक्षेत येत नाही, पुढे चल. घरी बाबापण तेच म्हणतात. मग मीच स्वतःला म्हणायला लागली."

बाबांशी वेगळं बोलले. अत्यंत प्रेमळ माणूस. मुलीची आवड पाहून त्यांनी नववीपासून बक्षिसं ठेवली होती. इतके मार्क आले की सायकल, तितके आले की टॅब. हेतू चांगलाच होता. पण जी गोष्ट मूल आपणहून, आनंदाने करतं, तिच्यावर आधीच ठरवून बक्षीस लावलं की तो आनंद आटतो, हे माझं ठाम मत आहे आणि त्याला आधार आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर हीच मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र दिलं होतं, त्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे कौतुक जरूर करा, सौदा करू नका.

मेचा शेवट जवळ आला होता. नागपूरच्या उन्हाबद्दल मी काय सांगावं! कूलरच्या आवाजात आम्ही दोघी बसलो होतो आणि ती माझ्याकडे न पाहता फरशीवर पडलेल्या खिडकीच्या गजांच्या सावलीकडे पाहत होती. अचानक म्हणाली, "मॅडम, २६ तारखेला सावली जाते."

"जाते म्हणजे?"

मग ती बोलायला लागली. सूर्य या दिवसांत रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी तो बरोबर डोक्यावर येतो, नेमका नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत. दिल्लीत असं कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याकडे जुलैच्या मध्यात पुन्हा होतं, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

मला खरंच कळेना म्हणून विचारलं, "बाराला का नाही? दहा मिनिटं उशीर का?"

"भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आहे ना, नागपूर एकोणऐंशीवर. एका अंशाला चार मिनिटं." बोटांवर हिशेब करता करता ती थांबली. "पण मग चौदा मिनिटं यायला पाहिजे. दहाच काहून?"

तिच्या डोळ्यांत जे आलं, ते पाहण्यासाठीच मी हे काम करते. कुणी न दिलेला, मार्क नसलेला प्रश्न तिला पडला होता. मी उत्तर दिलं नाही. मला येतही नव्हतं, आणि आलं असतं तरी दिलं नसतं.

२६ तारखेला सव्वाबाराला आईचा फोन आला. गच्चीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून सगळं घर भोवती उभं होतं. बाहेर सावलीची रेघ नाही आणि पाइपच्या आत तळापर्यंत उन्हाचा पूर्ण गोल. "पायाला चटके बसून राहिले आणि ही हसून राहिली, मॅडम." पुढच्या भेटीत मुलीने उरलेल्या मिनिटांचा छडाही लावून आणला. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. मेअखेरीस सुमारे तीन मिनिटं पुढे. सांगून झाल्यावर म्हणाली, "हे परीक्षेत येत नाही," आणि मोठ्याने हसली.

पण कुतूहल जागं झालं म्हणजे मार्क आपोआप येतात, असं मी कुणाला सांगत नाही. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण कापला जातो. ते वेगळं कौशल्य आहे आणि त्याला सरावाशिवाय पर्याय नाही. माझा सल्ला एवढाच असतो की ही दोन कामं एकमेकांत मिसळू नका. बाबांना मी सी. व्ही. रामन यांचं उदाहरण दिलं. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते, काही काळ आपल्या नागपुरातही. नोकरी नोकरीच्या वेळेत चोख, आणि भौतिकशास्त्र उरलेल्या वेळेत. "आणि गोष्टींनी काय होते?" हा बाबांचा प्रश्न होताच. मी म्हटलं, जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली, तेव्हा ते जगाला माहीत असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. गोष्टींमुळे त्यांचं विज्ञान कुठे अडलं नाही.

घरात मग काही गोष्टी ठरल्या. बक्षिसं बंद. सोमवारच्या यादीचा विषय जेवणाच्या ताटावर काढायचा नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं, आणि आधी कोणते प्रश्न चुकले ते विचारायचं, रँक नंतर. परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नांसाठी एक वेगळी वही. डाउट आला की आधी तिथे लिहायचा, रविवारच्या टेस्टनंतर संध्याकाळी तो शोधायचा. रात्री झोपण्याआधी पुस्तक, हवं ते, हवं तितक्यांदा. तिचे मार्क एकदम उडी मारून वर गेले नाहीत. हळूहळू सरकले. पण टेस्टच्या आदल्या रात्रीची पोटदुखी गेली, आणि महिन्याभराने उशाशी दुसरं पुस्तक आलं.

पालकांनी एक फरक मात्र ओळखायला हवा. वाचून मूल ताजंतवानं होऊन उठत असेल, जेवत-झोपत असेल, मित्रमैत्रिणींशी बोलत असेल, तर पुस्तकाला हात लावू नका. पण झोप उडाली, जेवण तुटलं, आवडतं पुस्तकही नकोसं झालं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी भाषा आली, तर निकालाची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून द्या.